क्रमांक की दुवा : ‘द. ४१’च्या निमित्ताने

आमच्यासमोर पोस्टकार्डाच्या आकाराचा एक जाड कागद आहे. त्यावर निळ्या शाईने लिहिले आहे : ‘पंचीकरण, त्रुटित. द. ४१ पाहावे.’ इतकेच. अक्षर आमच्या सरांचे आहे याविषयी शंका नाही. आम्हा तिघांनीही त्या अक्षरातले शेरे एकेकाळी आपापल्या उत्तरपत्रिकांवर सोसलेले आहेत. शंका आहे ती ‘द.’विषयी. तो दासोपंतांचा असावा, असे आमच्यापैकी एकाला वाटते. दुसऱ्याचे म्हणणे असे की, सर शुद्धलेखनाच्या बाबतीत इतके काटेकोर होते की दासोपंतांसाठी त्यांनी ‘दा.’ लिहिले असते. तेव्हा हा ‘द’ दप्तराचा. तिसऱ्याचे मत रोज बदलते.

सरांनी अंबाजोगाईत उभे आयुष्य मराठी शिकवण्यात घालवले आणि त्यासोबत परिसरातल्या घराघरांतून, मठांतून, देवळांच्या ओवऱ्यांतून राहिलेल्या पोथ्यांच्या नोंदी केल्या. त्यासाठी ना अनुदान होते, ना समिती. ते गेल्यावर काकूंनी पत्र्याचे तीन डबे आमच्या हवाली केले. “घेऊन जा बाबांनो. मला यातलं काही कळत नाही. हे असते तर डोळे मिटून सांगितलं असतं कुठलं काय ते,” असे त्या म्हणाल्या. त्या वाक्याचा पुरता अर्थ आमच्या ध्यानात यायला बरेच महिने गेले.

या नोंदी संगणकावर आणाव्यात, एवढाच आमचा प्रथम विचार होता. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. त्याने फुकट मदत करण्याचे कबूल केले. सरांना त्यानेही अकरावीत ऐकले होते. काम सुरू झाले आणि एके रात्री त्याचा फोन आला.

“सर, एक ठरवून द्या. उत्तरात नुसता आयडी पाठवायचा का पूर्ण लिंक?”

“जे सोपं असेल ते कर की.”

“सोपं दोन्ही आहे सर. पण एकदा ठरलं की बदलता येत नाही. लोक त्याच्यावर आपले प्रोग्राम बांधतात.”

साहित्याच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. आपण संकेतस्थळ उघडतो तेव्हा पान माणसासाठी सजवलेले असते. पण एका प्रोग्रामला दुसऱ्या प्रोग्रामकडून माहिती हवी असेल तर त्याला सजावटीचे काय काम? त्याच्यासाठी वेगळी खिडकी असते. ग्रंथालयात आपण चिठ्ठी सरकवतो आणि आतून पुस्तक येते, तसे या खिडकीतून ठरावीक रीतीने विचारले की ठरावीक रीतीने उत्तर येते. या खिडकीला एपीआय म्हणतात. उद्या एखाद्या विद्यापीठाला आपल्या सूचीत आमच्या नोंदी मिळवून घ्यावयाच्या असतील, किंवा कोणी हौशी तरुणाने मोबाइलसाठी काही केले, तर त्यांचे प्रोग्राम याच खिडकीशी येतील.

आता प्रश्न असा. कोणी ‘विवेकसिंधु’ मागितला, तर उत्तरात ग्रंथाचे नाव जाईल, परंपरेने मानला गेलेला रचनाशक १११० जाईल. ग्रंथकर्त्याच्या जागी काय जावे? मुकुंदराजांची स्वतःची एक वेगळी नोंद आमच्याकडे आहे. तिचा निर्देश दोन प्रकारे करता येतो. ‘कर्ता : १७’ असा नुसता ओळखक्रमांक द्यावा, किंवा जेथे ती नोंद वाचावयास मिळते तो संपूर्ण पत्ता, म्हणजे दुवा, द्यावा. पहिल्या पद्धतीत विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते की १७ हा आकडा कोणत्या पत्त्याच्या शेपटाला जोडायचा. दुसऱ्या पद्धतीत काही ठाऊक असावे लागत नाही. बोट धरून नेल्यासारखे आपण नेले जातो.

आम्हा मास्तरांना हा वाद नवा वाटला तरी तो खेड्यातल्या प्रत्येक खरेदीखतात मिटवलेला आहे, हे आमच्यापैकी ज्याची केज तालुक्यात थोडी कोरडवाहू जमीन आहे त्याने दाखवून दिले. खरेदीखतात गट नंबर असतो आणि खाली चतुःसीमाही असते : पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचे शेत, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचे शेत. गट नंबर म्हणजे ओळख. तो कागदोपत्री जमिनीला इतर सगळ्या जमिनींपासून वेगळी करतो, पण तो घेऊन शिवारात उभे राहिलात तर कोणत्या दिशेला चालावे हे सांगत नाही. चतुःसीमा चालवत नेते. मात्र शेजारचे शेत दोनदा विकले गेले, ओढ्याने पात्र बदलले, गाडीवाट नांगरली गेली, की त्या चार ओळी एका गेलेल्या काळाचे वर्णन होऊन बसतात. आणि नंबर तरी कुठे अढळ? एकत्रीकरणात अनेक गावांचे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले; जुन्या कागदावरचा आकडा नव्या उताऱ्याशी जुळवायचा तर दोहोंचा मेळ दाखवणारा तिसरा कागद धुंडाळावा लागतो. दस्तलेखकांनी दोन्ही लिहिण्याची चाल पाडली ती काही उगाच नव्हे.

दुव्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव रॉय फील्डिंग यांचे. २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत त्यांनी जो प्रबंध सादर केला त्यात वेबच्या रचनेची तत्त्वे मांडली आहेत. त्या रचनेला त्यांनी दिलेले ‘रेस्ट’ हे नाव पुढे इतके लोकप्रिय झाले की कोणतीही खिडकी उघडून तिला लोक तेच नाव देऊ लागले. शेवटी २००८ साली फील्डिंग यांना जाहीरपणे नाराजी व्यक्त करावी लागली. त्यांचा मुद्दा आमच्या भाषेत असा : विचारणाऱ्याला फक्त पहिले दार ठाऊक असावे, पुढची सारी दारे उत्तरातल्या दुव्यांनी दाखवावीत. मग घरधन्याने आतल्या खोल्यांची मांडणी बदलली तरी पाहुण्याचे अडत नाही. क्रमांकाच्या पद्धतीत मांडणी पाहुण्याच्या डोक्यात असते. एकदा का शंभर लोकांनी ‘एवढ्या पत्त्यापुढे आकडा जोडा’ हे पाठ केले, की घरधन्याला भिंत हलवता येत नाही. लिहून दिलेला करार नाही, पण त्याहून चिवट असा न लिहिलेला करार तेथे तयार होतो.

हे आम्हाला पटले ते मात्र वेगळ्याच कारणाने. सरांच्या नोंदींत एका घराण्याच्या पोथ्या आहेत. त्या घराने सरांना पोथ्या पाहू दिल्या, नोंद करू दिली. पण छायाचित्रे देऊ नयेत, कोणाला घरी पाठवू नये, असे वचन घेतले. ते वचन वारसाहक्काने आमच्याकडे आले. नुसते क्रमांक दिले तर कोणताही प्रोग्राम आपणच पत्ता रचून त्या पोथीच्या चित्राच्या दारावर जाऊन धडकणार आणि ‘सापडले नाही’ हे उत्तर घेऊन परतणार. जणू पोथीच नाही! दुव्यांच्या पद्धतीत आम्ही नोंद देतो, ओळखक्रमांक देतो आणि चित्राचा दुवा तेवढा देत नाही. क्रमांक सांगतो की वस्तू आहे. दुव्याचा अभाव सांगतो की आज तिकडे वाट नाही. पोथीशाळेत काम केलेल्या कोणालाही या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

येथवर आम्ही दुव्याच्या बाजूने झुकलो होतो. पण आमच्याच एका जुन्या उद्योगाची आठवण झाली आणि घशाशी आले. काही वर्षांपूर्वी आम्ही जुन्या मराठी ग्रंथांच्या छापील आवृत्त्यांची एक यादी केली होती. एका हौशी मंडळींच्या स्थळावर या ग्रंथांची स्कॅन केलेली पाने होती. आम्ही प्रत्येक ग्रंथापुढे तिथला दुवा चिकटवत गेलो. पुढे ते स्थळ बंद पडले. अशा गोष्टी घडतात. २००९ साली याहूने जिओसिटीज बंद केले तेव्हा लक्षावधी घरगुती पाने अशीच गेली, आणि तेथे तर मागे मोठी कंपनी होती. आमच्या यादीत जेथे आम्ही आवृत्ती, संपादक व वर्ष लिहिले होते तेथे ग्रंथ दुसरीकडे शोधता आला. जेथे कंटाळा करून केवळ दुवाच चिकटवला होता तेथे आज अर्थहीन अक्षरांची एक लांब माळ शिल्लक आहे. तिच्या पलीकडे काय होते, हे आमचे आम्हाला सांगता येत नाही. सरांचे ‘द. ४१’ आणि आमची ती माळ यांत सरांचे पाप लहान म्हणावे लागेल. त्यांच्याकडे निदान डोके होते.

आणि काकू म्हणाल्या ते हेच. ‘द. ४१’ या ओळखीवरून वस्तूकडे नेणारी यंत्रणा होती. ती सरांच्या डोक्यात होती आणि सरांबरोबर गेली. क्रमांक आजही अचूक आहे. त्याला वाट दाखवणारा राहिला नाही.

संगणकाच्या जगात ही वाट दाखवण्याची व्यवस्था वेगळी काढलेली आहे. आमचे बहुतेक वाचक ती रोज वापरतात आणि तिच्याकडे लक्ष देत नाहीत. शोधगंगेवरील प्रबंधाचा निर्देश पाहा. त्यात १०६०३ हा आकडा, मग तिरकी रेघ आणि पुढे प्रबंधाचा स्वतःचा क्रमांक असतो. याला हँडल म्हणतात. हा क्रमांक प्रबंध कोणत्या यंत्रावर, कोणत्या कप्प्यात आहे हे सांगत नाही. तो हँडलच्या मध्यवर्ती व्यवस्थेकडे नेला की ती आजचा पत्ता पाहून तिकडे धाडते. उद्या सर्व्हर बदलला तर त्या वहीतली एक ओळ बदलायची. छापील पुस्तकांतल्या तळटिपा बदलाव्या लागत नाहीत. संशोधन-नियतकालिकांतील लेखांना मिळणारा डीओआय याच व्यवस्थेवर उभा आहे. त्यातही गंमत अशी की, डीओआय हा मुळात ओळखक्रमांक असूनही तो पूर्ण दुव्याच्या रूपात छापावा, असा आग्रह क्रॉसरेफ या संस्थेने धरलेला आहे. म्हणजे दस्तलेखकांचीच चाल.

पत्त्यात नाव घालावे काय, या प्रश्नावर मराठवाड्यातल्या माणसाचे उत्तर तरी एकच असणार. अंबाजोगाई निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद होती. आमच्या विद्यापीठाची स्थापना १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ म्हणून झाली. १९९४ साली नामविस्तार झाला. विद्यापीठ ज्या शहरात आहे त्याचे नाव २०२३ साली बदलले. यांतल्या प्रत्येक नावामागे माणसांचे रक्त, श्रद्धा आणि राजकारण आहे, आणि ती नावे बदलणे हा समाजाचा अधिकार आहे. पण ज्याने आपल्या दुव्यात किंवा क्रमांकात गावाचे नाव गुंफले त्याची पंचाईत ठरलेली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच पत्ते कायम राखण्याविषयी एक टिपण लिहून ठेवले आहे. काळाबरोबर बदलेल असे काहीही पत्त्यात घालू नये, असा त्याचा रोख आहे. म्हणून आमच्या ओळखक्रमांकांत गाव नाही, कर्ता नाही, शतक नाही. ते मुके आहेत. आमच्यातील एकाला हे फार रुक्ष वाटले, सरांच्या ‘द.’मध्ये निदान जिव्हाळा होता, असे तो म्हणाला. ते खरेच आहे. पण त्या जिव्हाळ्यानेच तर आम्हाला फसवले आहे!

मुका क्रमांक तरी निर्दोष असतो काय? ज्ञानेश्वरीची ओवी आपण अध्याय आणि क्रमांक देऊन सांगतो आणि समजतो की सांगून झाले. वस्तुतः साखरे प्रत, दांडेकर प्रत आणि राजवाडे प्रत यांत ओव्यांची संख्या सारखी नाही. त्यामुळे एखाद्या ओवीचा आकडा एका प्रतीत एक तर दुसऱ्या प्रतीत दुसरा निघतो. तुकोबांच्या गाथेचे आणि ‘लीळाचरित्रा’चेही तेच. एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेतला ओवीक्रमांक चुकीचा ठरवून आम्ही तिचे दोन गुण कापले होते. तिच्या घरी जी प्रत होती तीत तो बरोबर होता, हे कळले तोवर निकाल लागला होता. क्रमांक हा नेहमी कोणाच्या तरी वहीतला क्रमांक असतो. ती वही कोणती, हे सोबत सांगितले नाही तर तो नुसता आकडा. आता आमच्या उत्तरात ओवीच्या निर्देशाबरोबर प्रतीचाही ओळखक्रमांक जातो. यासाठी विद्यार्थ्याशी बरीच हुज्जत घालावी लागली, कारण त्याच्या मते त्याने उत्तर ‘जड’ होते. होऊ दे जड.

राजवाडे प्रतीचा उल्लेख आलाच आहे तर एक सांगावेसे वाटते. वि. का. राजवाड्यांना जी जुनी पोथी मिळाली ती बीडच्या पाटांगणाची. तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. मूळ पोथी आज पाहावयास मिळत नाही. तरीही ‘राजवाडे प्रत’ म्हटले की नागपुरापासून कोल्हापुरापर्यंत प्रत्येक अभ्यासकाला नेमके काय ते कळते. वस्तू गेली, वाट गेली, ओळख राहिली, आणि त्या ओळखीवर शंभराहून अधिक वर्षे वाद घालता आला. दुव्यांचा कोणताही पुरस्कर्ता याला काय उत्तर देतो, ते ऐकायला आम्हाला आवडेल.

काही बाबी मात्र निव्वळ कारागिरीच्या होत्या आणि त्या विद्यार्थ्याने आम्हाला शिकवल्या. ओळखक्रमांक हा नावाचाच क्रमांक. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, म्हणून तो संख्या म्हणून न पाठवता अक्षरांची ओळ म्हणून पाठवावा. संख्या म्हटले की ०४१ चा शून्य गळतो. फार मोठी संख्या असली तर शेवटचे अंकच बदलतात, कारण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट साधारण सोळा अंकांपलीकडे हिशेब अचूक ठेवत नाही. २०१० साली ट्विटरला याच कारणाने प्रत्येक संदेशाचा तोच क्रमांक दुसऱ्यांदा, अक्षररूपात, पाठवावा लागला. देवनागरी अंकांतला ४१ आणि रोमन अंकांतला ४१ संगणकाच्या लेखी दोन वेगळे असतात, हेही आम्हाला नवे होते. दुव्यांचीही अशीच खोड : एकाच नोंदीकडे नेणारे पत्ते शेवटच्या तिरक्या रेघेने किंवा आरंभीच्या एका अक्षराने वेगळे दिसतात, आणि मग दोन ग्रंथांचा कर्ता एकच आहे की नाही हे पत्ते ताडून ठरवणे धोक्याचे होते. तुलनेसाठी क्रमांक, प्रवासासाठी दुवा, असे त्याने सांगितले. शिवाय प्रत्येक दुवा म्हणजे एक नवी फेरी. पन्नास ग्रंथांच्या यादीत नुसते कर्त्यांचे दुवे दिले तर नावे कळण्यासाठी पन्नास हेलपाटे. पाटोद्याकडच्या एखाद्या वाडीत नेटवर्क कसे चालते हे ठाऊक असलेल्याने तरी असे करू नये. तेव्हा क्रमांक आणि दुवा यांच्या जोडीला कर्त्याचे नावही सरळ लिहून टाकावे, असे ठरले.

त्याची एक कबुली नोंदवली पाहिजे. चाचणीसाठी म्हणून त्यानेच एक छोटे मोबाइल अ‍ॅप केले होते. दुवे पुरवणारी खिडकी त्याची, अ‍ॅपही त्याचे. आणि अ‍ॅपमध्ये त्याने काय केले होते? आलेल्या दुव्याचे शेपूट कापून त्यातला क्रमांक काढला होता आणि पुढचा पत्ता आपणच जोडला होता! “घाई होती सर,” असे तो म्हणाला. सवय कशी असते पाहा. ज्याने वाट दाखवण्याची प्रतिज्ञा केली तोच आपल्या दारात कुंपणावरून उडी मारून येतो. उत्तरात क्रमांक वेगळा दिलेला नसला की लोक तो दुव्यातून उपटून काढतात. म्हणून दुवा दिला तरी क्रमांक उघडपणे द्यावाच लागतो.

दुवा देणे म्हणजे ती वाट राखण्याचे वचन देणे, आणि ते वचन कोण पाळणार, हा प्रश्न मात्र संगणकाचा नाही. स्थळाच्या नावाचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. आम्ही तिघेही पन्नाशीपुढचे. हँडलच्या व्यवस्थेत शिरण्यासाठी मागे एखादी संस्था लागते. आमच्यामागे पत्र्याचे तीन डबे आहेत. म्हणून दुव्यांबरोबरच सर्व ओळखक्रमांकांची एक छापील वही करावी, प्रत्येक क्रमांकापुढे ग्रंथ, प्रत आणि ती पाहिल्याचे ठिकाण लिहावे, आणि तिच्या प्रती चार ग्रंथालयांत ठेवाव्यात असे ठरले आहे. विद्यार्थ्याला हा उपाय गमतीचा वाटला. आम्ही त्याला दासोपंतांची पासोडी पाहून यायला सांगितले. चाळीस फुटांच्या कापडावर लिहिलेले काव्य चारशे वर्षे अंबाजोगाईत टिकले आहे. त्याचे स्थळ अजून बंद पडलेले नाही.

‘द. ४१’ला आम्ही स्वतःचा एक ओळखक्रमांक दिला. दुवा दिलेला नाही.

शेवटचा पेच ‘विवेकसिंधु’नेच घातला. रचनास्थळाच्या जागी काय द्यायचे? ग्रंथात अंबानगरी येते. ती अंबाजोगाईच, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गावाबाहेर डोंगराच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी आहे आणि तेथे आमच्या शाळेच्या सहली गेल्या आहेत. विदर्भातील अभ्यासकांचे म्हणणे असे की, अंबानगरी म्हणजे वैनगंगेकाठचे अंभोरा. जुने नाव आहे, ते कोठे नेते यावर एकमत नाही. सरांनी आपल्या कागदावर सरळ ‘अंबाजोगाई’ लिहिले आहे आणि खाली दोनदा रेघ ओढली आहे. त्या रेघांवरून आमच्यात दोन संध्याकाळी बोलणे झाले. अखेर अंबानगरीला एक स्वतंत्र मुका क्रमांक दिला आणि त्यातून दोन दुवे काढले, एक अंबाजोगाईकडे, एक अंभोऱ्याकडे. सरांना हे आवडले नसते.

“पहिली लिंक कोणती ठेवू सर? बहुतेक प्रोग्राम पहिलीच उघडतात,” विद्यार्थ्याने विचारले.

अकारविल्ह्याने लाव, असे आम्ही तत्परतेने सांगितले. पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो हसला. ‘ब’ ‘भ’च्या आधी येतो, हे त्यालाही सरांनीच शिकवले होते.